व्हिएन्नात आठ दिवस, तीन पिढ्या: एकाच शहरात राहावं का?

कांचनवेल

नमस्कार. मे अखेरीस आम्ही सहा जण व्हिएन्नाला आठ दिवस राहून आलो. आई बहात्तर वर्षांची, बाबा शहात्तरचे, आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा मुलगा. "आठ दिवस एकाच शहरात केलंत तरी काय?" असं तिघाचौघांनी निरोपातून विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

आधी आमचाही बेत दहा दिवसांत पाच देश असाच होता. रोज सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर. बाबांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात झोपायचं कधी?" आईचे दोन्ही गुडघे दुखरे. धाकट्याचा दुपारी तासभर डोळा लागला नाही, तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते. म्हणून एकच शहर घ्यायचं ठरवलं. आईला चढउतार कमी पडावी आणि मुलांना पळायला हिरवळ मिळावी, एवढंच पाहिलं. व्हिएन्नात मेट्रोच्या स्थानकांना लिफ्ट आहेत आणि नव्या ट्रामची पायरी जमिनीपासून वीतभरही उंच नाही, हे वाचलं आणि तिकिटं काढली.

आणि नेमकी चढउतारच वाट्याला आली. घराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, "पहिला मजला, लिफ्ट नाही." एकच जिना ना, आई हळूहळू चढेल, असं आम्ही धरून चाललो. रात्री नऊला सामानासकट पोचलो तेव्हा कळलं की तिथल्या जुन्या इमारतींत तळाला 'पार्टेर', त्यावर 'हॉखपार्टेर', त्यावर 'मेझानिन' आणि त्याच्याही वर 'पहिला मजला'. दगडी, वळणाचा जिना, छतं उंच असल्यामुळे प्रत्येक टप्पा लांबलचक. लेकीने पायऱ्या मोजल्या, चौसष्ट. आई प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होती आणि "होईल गं" म्हणत होती. मालकाला फोन केला. तो म्हणाला, मी लिहिलंय ते खरंच आहे. त्याच्या हिशेबाने खरं असेलही, पण "घरात ज्येष्ठ नागरिक आहेत, त्यांना चालेल ना?" असं मी त्याला आधी लेखी विचारलं होतं आणि त्याने "हो" म्हटलं होतं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी असेन्शनचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, गुरुवार, दुकानं बंद. तेव्हा घर बदलायची धावपळ नको, असं आईनेच सांगितलं. "मी दिवसातून एकदा उतरेन, एकदा चढेन. मधे मला कुठेतरी बसवा." म्हणजे दुपारी घरी येऊन आडवं व्हायचा बेत गेला आणि रोज दुपारी दोन-तीन तास बसायला जागा शोधणं आलं. आमची सगळी सुट्टी या एका अटीभोवती फिरली, आणि मनापासून सांगते, त्यामुळेच ती इतकी चांगली झाली.

पहिली जागा सापडली ती फोक्सगार्टन. राजवाड्याला लागून असलेली ही सार्वजनिक बाग, आत जायला पैसे नाहीत. मे-जूनमध्ये तिथे गुलाबांच्या ओळीच्या ओळी फुललेल्या असतात. लोक तिथल्या एकेका झाडाचं पालकत्व घेतात आणि झाडापाशी छोटी पाटी लागते. कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाची, कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणीची. आईला जर्मन येत नाही आणि लेकीलाही नाही, पण 'ओमा' म्हणजे आजी एवढं लेकीला ट्राममधल्या मुलांकडून कळलं होतं. मग 'ओमा' लिहिलेल्या पाट्या शोधायच्या, असा दोघींचा खेळच झाला. आई बाकावर, लेक ओळींमधून पळतेय, सापडली की लांबून बोट वर करून दाखवतेय. पहिल्या दुपारी चार सापडल्या. आठ दिवसांत आम्ही त्या बाकावर पाच वेळा गेलो. तिसऱ्या दिवशी धाकट्याने "आपला बाक" म्हणून सांगितलं आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं पाहून त्याला वाईट वाटलं.

दुसरी जागा कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे कलासंग्रहालय. मोठ्या दालनांत मधोमध मऊ आसनं आहेत आणि एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. सोळाव्या शतकातल्या ब्रॉयगेल या चित्रकाराची चित्रं जगात सर्वांत जास्त इथे आहेत. त्यातलं १५६० सालचं 'मुलांचे खेळ' हे चित्र आमच्या घराने बघितलं तसं कुणी बघितलं असेल का, माहीत नाही. गावातला एक चौक, त्यात दोनशेहून जास्त मुलं, प्रत्येक जण काहीतरी खेळतोय. आई सवयीने जवळ जाऊन डाव्या कोपऱ्यात खाली वाकली आणि एकदम म्हणाली, "अगं, या सागरगोटे खेळतायत!" खरंच. दोघी खाली बसलेल्या, एकीचा हात वर, हाडांचे छोटे तुकडे. मग आईने एकेक सांगायला सुरुवात केली. ही आंधळी कोशिंबीर. हे चाक पळवतायत. तो भोवरा. हे एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतायत. लेकीला यातले निम्मे खेळ नावानेही ठाऊक नव्हते. तासाभराने तिथला पहारेकरी आमच्याजवळ आला. मला वाटलं आवाज जास्त झाला. त्याने नुसतं चित्रातल्या एका जागेकडे बोट दाखवलं. आम्हाला न दिसलेली, कुंपणावर घोड्यावरून चालल्यासारखी बसलेली मुलं होती.

न जमलेलंही लिहिते. शोनब्रुन राजवाडा, तिथलं प्राणिसंग्रहालय आणि टेकडीवरची ग्लोरिएट ही कमानींची वास्तू हे तिन्ही आम्ही एका दिवसात ठेवलं, ही आमचीच चूक. राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत. अर्थात दाखवतात त्यातल्या थोड्याच, पण वेळ ठरवून घेतलेलं तिकीट असल्यामुळे गर्दीबरोबर सरकत राहावं लागतं, बसायला फारसं काही नाही. १७६२ मध्ये सहा वर्षांचा मोझार्ट जिथे सम्राज्ञी मारिया तेरेझासमोर वाजवून गेला, त्या आरशांच्या दालनात धाकटा रडवेला झाला होता. बाग मोफत आहे. राजवाडा एका दिवशी, बाग आणि प्राणी दुसऱ्या दिवशी, असं करा. १७५२ मध्ये सुरू झालेलं हे प्राणिसंग्रहालय आज चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं आहे. पांडा बघायचा तर सकाळी लवकर जा.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं सांगते.

आजोळ

फार जिव्हाळ्याने लिहिलंयत. सागरगोट्यांपाशी मी थांबले आणि आईला फोन केला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आम्हीही पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं म्हणतोय. व्हिसाचं जरा सांगाल का? दोघांचे पासपोर्ट कोरे आहेत.

कांचनवेल

आजोळ, मुक्काम जिथे सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज करायचा. आमचा मुक्काम एकाच शहरात, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी असं नियमात आहे, पण तितकं थांबू नका. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा भराभर संपतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना काही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच. पण ज्येष्ठांचा विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते बारकाईने वाचा. बाबांचा रक्तदाब आणि आईची साखर, दोन्ही आम्ही अर्जात लिहिली, थोडे जास्त पैसे पडले, पण मनाला स्वस्थता होती. औषधांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही.

परिघ

लेख चांगला आहे, पण मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका.

आई-वडिलांना आपण युरोपला किती वेळा नेणार? बहुतेकांच्या बाबतीत एकदाच. मी २०१८ मध्ये दोघांना बारा दिवसांत पाच शहरं दाखवली. पॅरिस, जिनिव्हा, मिलान, फ्लॉरेन्स, रोम. धावपळ झाली, हे मान्य. पण वडील वाटेत पिसाला झुकत्या मनोऱ्यासमोर उभे राहिले, तेव्हा शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेलं चित्र त्यांना आठवलं आणि ते काही वेळ बोललेच नाहीत. जिनिव्हाच्या तळ्यातलं उंच उडणारं कारंजं बघून आई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. पुढच्या वर्षी वडील गेले. आज आईकडे कुणी आलं की ती या पाच शहरांची नावं क्रमाने सांगते. एकाच बाकावर पाच दुपारी बसलो असतो, तर ती काय सांगणार होती, असं मनात येतं.

कांचनवेल

परिघ, राग कसला! तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं.

तुमचे वडील दमले तरी त्यांना पिसा बघायचंच होतं. ती त्यांची जुनी इच्छा होती आणि तुम्ही ती ओळखलीत. माझ्या आईची अशी कुठल्या जागेची इच्छा नव्हती. निघायच्या आधी तिने मला एकच गोष्ट सांगितली होती: "तुमच्या मागे धापा टाकत यायला लावू नका." मागे एका सहलीत सगळे पुढे आणि ती शेवटी, असं चार दिवस झालं होतं. ती पोचेपर्यंत बाकीचे बघून निघायच्या तयारीत. त्या सहलीतलं तिला आता काहीच आठवत नाही. या वेळी सगळ्यांनी तिच्या चालीने चालायचं, असं आम्ही ठरवलं. घरच्यांना आधी विचारावं, एवढं मात्र मी नक्की म्हणेन. आम्ही पहिला कागद न विचारताच छापून आणला होता.

रेल्वेवेडा

मी दोन्हींच्या मधला. एकाच शहरात राहायचं आणि एखादा दिवस बाहेर जायचं. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने साधारण तासाभरावर, साठेक किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, दुसरा देश स्लोव्हाकिया, दुसरी राजधानी. साल्झबुर्ग अडीच तास, एका दिवसात होतं, पण ज्येष्ठांना जरा जड जातं. हालश्टाट हे तळ्याकाठचं गाव एका दिवसात करू नका. जाता-येता सात तास बसण्यात जातात आणि तिथे गर्दीत दोन तास मिळतात.

शहरात फिरताना एक लक्षात ठेवा. मेट्रोला फाटकं नाहीत, सरळ आत जाता येतं. म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. साध्या कपड्यांतले तपासनीस येतात आणि शिक्का नसेल तर "माहीत नव्हतं" हे ते ऐकत नाहीत. सहा वर्षांखालची मुलं फुकट.

स्वगत

मी अकरा वर्षं व्हिएन्नात राहतो, म्हणून थोडी भर घालतो.

त्या मेझानिनने आमच्याकडे येणारे पाहुणेही फसतात. घर घेताना "कितवा मजला" असं विचारू नका. "रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लिफ्ट आहे म्हणाले, तर ती रस्त्याच्या पातळीपासून आहे का, हेही विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते, तेव्हा काही ठिकाणी ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.

पाणी विकत घेऊ नका. इथल्या नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आली, दुसरी १९१० मध्ये, आणि पाणी शहरापर्यंत पंपाशिवाय, नुसत्या उताराने वाहत येतं. पहिल्या वाहिनीच्या आनंदात बांधलेलं कारंजं श्वार्झेनबेर्गप्लाट्झ या चौकात आजही उडतंय. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या. बाहेर बाटली किंवा कॅन घेतलाच तर २०२५ पासून त्यावर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

रविवारी आणि सणाला किराणा बंद. मुख्य रेल्वे स्थानक, वेस्टबानहोफ, प्राटरश्टेर्न, वीन मिट्टे इथली दुकानं मात्र उघडी असतात. मे-जूनमध्ये असेन्शन, पेंटेकॉस्टचा सोमवार, कॉर्पस क्रिस्ती अशा सुट्ट्या एकापाठोपाठ येतात, तारखा बघून निघा.

तांबूस

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही. आम्ही शाकाहारी, आणि सासूबाई अंडंही खात नाहीत. उपाशी राहायची वेळ येईल का?

स्वगत

तांबूस, उपाशी नाही राहणार, पण विचारून खावं लागेल. सूपची खास काळजी घ्या. यादीत मांसाचा उल्लेख नसला तरी इथलं साधं सूप बहुतेक वेळा गोमांसाच्या अर्कात केलेलं असतं. फ्रिटाटेनझुपं, म्हणजे पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप, दिसतं शाकाहारी, पण असतं तसंच. केझश्पेट्झले हा चीज घातलेला पदार्थ मुलांना आवडतो, पण त्याच्या पिठात अंडं असतं. कायझरश्मारन, म्हणजे तव्यावरच तुकडे केलेला गोड जाड पॅनकेक, त्यातही अंडं. सफरचंदाचा श्ट्रुडेल परंपरेने ताणलेल्या पातळ पोळीचा असतो, त्यात बहुधा अंडं नसतं, तरी विचारा. नाश्मार्क्ट या बाजारात फलाफल, हुमुस, भाजलेल्या भाज्या भरपूर मिळतात. 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा, लोक समजून घेतात.

कांचनवेल

हे सगळं खरं. आम्ही सकाळ-रात्र घरीच स्वयंपाक केला. तांदूळ, लाल मसूर, भाज्या, दही कुठल्याही किराणा दुकानात मिळालं. दुपारी बाहेर.

आणि कॉफीघरं! बाबांची तिसरी जागा तीच. छोट्या चांदीसारख्या तबकात कॉफी येते, शेजारी पाण्याचा पेला, त्यावर आडवा चमचा. एका कॉफीवर तुम्ही दोन तास बसा, कुणी बिल आणून ठेवत नाही. आपण मागितल्यावरच आणतात. बाबा तिथे लाकडी दांड्याला अडकवलेलं वर्तमानपत्र घेऊन बसायचे. जर्मन असलं तरी चित्रं आणि आकडे बघायचे, मग इंग्रजी मागायचे. तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या काकांनी ते न मागताच आणून दिलं. बाबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. निवृत्तीनंतर आपल्याला कुणी असं ओळखून काही आणून दिलं नव्हतं, असं ते रात्री मला म्हणाले.

रेल्वेवेडा

आईंच्या गुडघ्यांसाठी अजून एक. काहलेनबेर्ग ही टेकडी. मेट्रोने हायलिगेनश्टाटला जायचं, तिथून ३८ए क्रमांकाची बस थेट माथ्यावर. चढायचं काहीच नाही. खाली द्राक्षांचे मळे, डॅन्यूब आणि अख्खं शहर. १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा फोडायला पोलंडचा राजा यान सोबियेस्की याच डोंगरावरून उतरला.

निळीपाटी

मुलांसाठी काय? माझी दोघं संग्रहालयात दहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत.

कांचनवेल

निळीपाटी, आमचा धाकटाही तसाच. त्याला ब्रॉयगेलसमोर आईच्या मांडीवर झोप लागली होती, म्हणून तास मिळाला!

प्राटर या बागेतलं पाळण्याचं मोठं चाक १८९७ चं, जवळजवळ ६५ मीटर उंच. लाकडी डब्यांसारख्या बंद खोल्या, हळूहळू फिरतं, त्यामुळे आईही बसली. युद्धात जळाल्यावर पुन्हा उभं करताना तीसऐवजी पंधराच डबे लावले. प्राटरमध्येच छोटी आगगाडी आहे, झाडीतून जाते. हाउस देस मेरेस हे मत्स्यालय दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजात आहे. मुलांना शार्क दिसतो, आणि बाबा त्या जाड सिमेंटच्या भिंतींकडेच बघत राहिले. पण सगळ्यांत जास्त मजा फुकटात आली, डोनाउइन्झेलवर. पूर रोखायला खोदलेल्या नव्या पात्राच्या मातीतून तयार झालेलं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट. मेट्रोचं स्थानकच बेटावर. कपडे बदलायचे, पाण्यात उतरायचं. पाणी थंड होतं, मुलांना फरक पडला नाही.

सांजवेळ

अकरा वर्षांच्या मुलीला तिथला युद्धकाळ किती सांगितलात? माझी लेक याच वयाची आहे, म्हणून विचारते.

कांचनवेल

सांजवेळ, आम्ही ठरवून काही सांगितलं नव्हतं. युडेनप्लाट्झला आईला बसवायला बाक शोधत गेलो. चौकात सिमेंटची एक खोलीएवढी वास्तू आहे. भिंती म्हणजे पुस्तकांची कपाटं, पण पुस्तकांच्या कडा बाहेर आणि पाठी आत, त्यामुळे एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. दार आहे, उघडत नाही. ऑस्ट्रियातल्या ६५,००० ज्यूंची हत्या झाली, त्यांचं हे स्मारक, २००० साली उभारलेलं. लेकीने विचारलं, "नावं का दिसत नाहीत?" मी पायथ्याशी लिहिलेली, त्यांना जिथे मारलं त्या ठिकाणांची नावं दाखवली आणि जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. नंतर ती सगळ्या बाजूंनी एकदा फिरून आली. रात्री झोपताना पुन्हा विचारलं, "त्यांच्यात माझ्याएवढी मुलं होती?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. लेक त्या रात्री माझ्याजवळ झोपली.

स्वगत

बाबांना इतिहासाची आवड दिसते. सुभाषबाबूंचं व्हिएन्ना त्यांना सांगितलंत का? १९३३ मध्ये ते उपचारांसाठी युरोपात आले आणि बराच काळ याच शहरात राहिले. विठ्ठलभाई पटेलही तेव्हा इथे होते, दोघांनी मिळून निवेदन काढलं. १९३४ मध्ये पुस्तकाच्या कामात मदतीला ठेवलेल्या एमिली शेंक्ल मूळच्या व्हिएन्नाच्याच. पुढच्या वर्षी सुभाषबाबूंची पित्ताशयाची शस्त्रक्रियाही इथेच झाली.

कांचनवेल

बाबांना हे माहीत होतं! पहिल्या दिवशी रिंगश्ट्रासे या रस्त्यावर ट्रामच्या खिडकीतून बघत ते म्हणाले होते, "सुभाषबाबूंनी हीच झाडं बघितली असतील." मी तेव्हा सामानाच्या गडबडीत होते, नीट ऐकलंच नाही. आता तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवते.

आजोळ

आणखी एक विचारते. तिथे कुणी आजारी पडलं तर?

कांचनवेल

पडलं. शनिवारी रात्री अकराला धाकट्याला ताप भरला, १०२. आम्ही सोबत नेलेलं औषध नेमकं विमानतळावर राहून गेलेल्या पिशवीत होतं. तिथे साधं पॅरासिटामॉलही फक्त औषधाच्या दुकानातच मिळतं, किराण्यात नाही. लाल 'ए'च्या खुणेचं दुकान बंद होतं, पण प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर त्या रात्री जवळचं कुठलं उघडं आहे ते लिहिलेलं असतं. नवरा दोन थांबे ट्रामने गेला, घंटा वाजवली. छोट्या खिडकीतून एक बाई बोलल्या. मुलाचं वय, वजन विचारलं, बाटलीवर पेनाने मात्रेची खूण करून दिली. रात्रीचे थोडे जास्त पैसे घेतात. सकाळी ताप उतरला. रुग्णवाहिकेसाठी १४४, कुठल्याही संकटात ११२, आणि डॉक्टरकडे जावं की नाही हे विचारायला १४५०. हे तिन्ही आकडे दाराच्या आत चिकटवून ठेवा. चौसष्ट पायऱ्यांवर आजारी मूल घेऊन उतरायची वेळ आली असती तर, हा विचार मात्र त्या रात्री डोक्यातून जाईना.

परिघ

काल आईला तुमचा लेख वाचून दाखवला. सागरगोट्यांपाशी तिने मला थांबवलं आणि विचारलं, ते चित्र मोठं करून दाखवता येईल का? संगणकावर उघडून दिलं. खुर्ची ओढून बसली आणि दीड तास एकेक मूल बघत होती. भोवरे कमानीखाली आहेत, ते तिने शोधले. तिला व्हिएन्नाला न्यावं का, असं मनात आलंय. ती आता सत्याहत्तरची आहे.

कांचनवेल

परिघ, न्याच. चाकाची खुर्ची संग्रहालयाकडे मागा, लाजू नका. आणि फोक्सगार्टनला जायचं तर मे अखेर ते जून, गुलाब तेव्हाच भरात असतात. हिवाळ्यात झाडं पोत्यात बांधून ठेवतात, असं तिथल्या माळ्याने सांगितलं.

आजोळ

आम्ही एक घर नक्की करत आणलंय. 'दुसरा मजला, लिफ्ट आहे.' स्वगत यांनी सांगितलं तसं पायऱ्यांचं विचारलं. उत्तर आलं: लिफ्टपर्यंत अठरा पायऱ्या, लिफ्टमधून उतरल्यावर दारापर्यंत अजून नऊ. सासूबाईंना जिना चढायला त्रास होत नाही, उतरायला होतो. घेऊ का?

स्वगत

नको. सत्तावीस उतरायच्या, त्याही दगडी. नव्या इमारतीतलं बघा. मुख्य रेल्वे स्थानकाच्या मागे बरीच नवी वस्ती आहे, तिथे लिफ्ट रस्त्यापासून असते. मध्यवर्ती भागापासून मेट्रोने तीन-चार थांबे.

आजोळ

ठीक. आजच नाही म्हणून कळवते.